घंटीला ओ न देणारी सून

"बहिरी पोरगी गळ्यात बांधली आमच्या. तेवढं सर्टिफिकेट लिहून द्या डॉक्टरबाई, मंग आमी पाहून घेतो."

सासूबाई खुर्चीत टेकण्याआधीच हे बोलल्या. मागे सून कुसुम, जेमतेम विशीची. तिच्यामागे नवरा, सरकारी ऑफिसात क्लार्क, कपाळभर गंध. सत्तरच्या दशकात रामदासपेठेत माझा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. 'पाहून घेतो' म्हणजे काय, ते मला चांगलं कळत होतं. माझ्या सहीचा कागद मिळाला की कुसुम भिवापूरला माहेरी रवाना आणि मुलगा दुसरं लग्न करायला मोकळा.

मायलेकांना मी बाहेर बसवलं. मग व्हिस्पर टेस्ट घेतली. ती अगदी साधी असते. डॉक्टरने मागे उभं राहायचं, म्हणजे पेशंटला ओठ दिसत नाहीत. एक कान बोटाने बंद करायचा, दुसऱ्या बाजूने कुजबुजायचं. पेशंटने तोच शब्द परत म्हणायचा. मी शब्द घरातलेच घ्यायचे, चुलीपासून छपराच्या कौलापर्यंतचे.

"मिरची," मी कुजबुजले.

"मिरची."

"कवेलू."

"कवेलू."

दुसरा कानही तसाच. पडदे स्वच्छ. माझं डोकं तापायला लागलं.

"अगं, तुला तर उत्तम ऐकू येतं. मग घरी ओ का देत नाहीस?"

"मले कोणी आवाज देतच नाही, बाई. ह्यायचं मौन राह्यते. उठल्यापासून ऑफिसात जाईस्तोवर, अन् घरी आल्यावर झोपेस्तोवर. चहा पाहिजे, हे घंटी वाजवते. पाणी पाहिजे, घंटी वाजवते. देवघरातली. सासूबाईबी नाव घेत नाही, तेच घंटी हालवते."

"आणि तू उठत नाहीस?"

"काहून उठू? ते देवाची घंटी आहे. वाजली का मी हात जोडतो. तिच्यावर चहा घेऊन पळाली तं मले पाप नाही लागन?"

मी नवऱ्याला आत बोलावलं. आई न बोलावता आलीच.

"मौन कशासाठी धरता?"

"एका महाराजांनी सांगितलं," तो अदबीने म्हणाला. "संसारात सुख लाभावं म्हणून. मौनानं मनाले शांती भेटते."

"कोणाच्या मनाला? ऑफिसात साहेबांसमोर घंटी वाजवता का?"

"तुमी कान पाहा, बाई," सासूबाई कडाडल्या. "आमच्या देवधर्मात पडू नका."

"देव मीही मानते. रोज पूजा करते. पण घंटी देवापुढे वाजवते, माणसावर नाही. त्याचा अर्थ तुमच्या घरात एकट्या सुनेलाच कळलेला दिसतो."

सर्टिफिकेट दिलं. दोन्ही कान उत्तम. सासूबाई ते टेबलावरच टाकून, दुसरा डॉक्टर पाहू म्हणत, तरातरा रिक्षा बघायला गेल्या.

कुसुम बाकावरून हलली नाही. नवऱ्याने चुटकी वाजवायला हात उचलला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की हात खाली आला.

"कुसुम, चाल," तो पुटपुटला.

"काय म्हटलं?" कुसुमने विचारलं.

"कुसुम, चाल म्हणतो."

माझी कुजबुज पाठीमागून ऐकणारी मुलगी ती! दुसऱ्यांदा नाव ऐकलं आणि पदर सावरून उठली.

दुसऱ्या डॉक्टरकडेही कान उत्तमच निघाले. पुढे घसा दुखतो म्हणून ती आली तेव्हा कळलं, ती नांदते आहे. मौन आता पूजेपुरतं उरलं होतं. त्या महाराजांवरचा माझा राग मात्र उतरला नाही. सुखी संसारासाठी बायकोशी बोलू नका, असं सांगायला जीभ कशी रेटते?

तेव्हापासून कोणी बायकोला बहिरी म्हणून घेऊन आला, की मी आधी त्याला समोर बसवायचे आणि विचारायचे, "हाक कशी मारता, ती मारून दाखवा."