अकरा बिघाड, एक वाक्य

ऑफिसात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत, आणि हे आपलं कौतुक आहे असा त्याचा कित्येक वर्षं गोड गैरसमज होता. काम ड्रायव्हर लिहिण्याचं. म्हणजे यंत्राच्या पोटातले मोटर आणि सेन्सर काय सांगतात ते बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचवणारा कोड. त्याच्या वाट्याला आला होता हॉस्पिटलातला, नळीतून थेंब थेंब औषध सोडणारा पंप.

हा पंप अकरा तऱ्हांनी बिघडू शकतो, हे त्याला तोंडपाठ होतं. नळी दबते, हवा शिरते, झाकण नीट बसत नाही, बॅटरी मान टाकते. प्रत्येक बिघाडाचा सेन्सर वेगळा आकडा पाठवायचा. हे महाशय आपल्या कोडकरवी आधी गुपचूप पुन्हा पुन्हा मोटर चालवून पाहायचे, उगाच बोभाटा कशाला म्हणून. नाहीच जमलं तर आकडा फेकून द्यायचे आणि पडद्यावर एकच वाक्य झळकवायचे: ‘अज्ञात बिघाड. उत्पादकाशी संपर्क साधा.’ तपशील दिला की लोक घाबरतात, असं तो मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने सांगे. खरं कारण एवढंच, की अकरा वाक्यं लिहायचा त्याला कंटाळा आला होता.

मग आईला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. रक्तदाब टिकवणारं औषध चालू होतं. दुपारी भेटायला गेला तर उशाशी आपलाच पंप! त्याची छाती अशी फुगली की जणू औषधाचा शोधही यानेच लावला होता.

“आई, ओळखलंस का? हा माझा पंप,” तो म्हणाला.

आई डोळे मिटून पडली होती. “बरं,” एवढंच पुटपुटली. तेवढ्यात पंप बोंबलला आणि पडद्यावर त्याचं लाडकं वाक्य उमटलं.

सिस्टर धावत आल्या. मॉनिटरवरचा रक्तदाबाचा आकडा भराभर उतरत होता.

“अज्ञात म्हणे! ज्याने हे लिहिलं ना, त्याला एकदा इथे उभा करायला पाहिजे.”

“मीच लिहिलंय,” तो म्हणाला. लपायला पडद्याआड जागा नव्हती म्हणून खरं बोलला, इतकंच.

सिस्टरांनी मान वर केली. “मग सांगा ना लवकर, काय झालंय?”

अकरांपैकी काहीही असू शकत होतं. यंत्राला माहीत होतं, त्याच्या कोडलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्याला आणि ज्यांना आईला वाचवायचं होतं त्या सिस्टरांना. तो इतका घाबरला होता की हात कुठे ठेवावेत तेही सुचेना. सिस्टरांनी त्याला कोपराने बाजूला सारलं, नळीवरून बोटं फिरवत गेल्या आणि आईच्या दंडाखाली दबलेला भाग मोकळा केला. पंप सुरू झाला. काही वेळाने आकडा सावरला.

आठवड्याने आई साध्या वॉर्डात आली. तोवर त्याने अकराही वाक्यं लिहून काढली होती. कागद घेऊन, परीक्षेला बसल्यासारखा, तो त्याच सिस्टरांसमोर उभा राहिला.

त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. ‘नळी दबली आहे. पेशंटचा हात आणि पलंगाचा कठडा तपासा.’

“हे छान केलंत. पण औषध किती वेळ बंद होतं, ते कुठे लिहिलंय?”

“ते हवं असतं?”

“सगळ्यात आधी तेच हवं असतं. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.”

गुपचूप मोटर चालवून पाहण्यात किती वेळ गेला, याची नोंदच त्याचा कोड ठेवत नव्हता. त्याने चाचरत विचारलं, “मग त्या दिवशी... आईचं किती वेळ बंद होतं?”

“ते आम्हाला कसं कळणार, दादा?” सिस्टर म्हणाल्या आणि कागद त्याच्या हातात परत दिला.