गळ्याशी जाणारा हात

बसूला आणायला हैदराबादच्या विमानतळावर मीच जाणार होतो. नांदेडहून गाडी ठरवून झाली होती, ड्रायव्हरला पहाटे निघायचं दोनदा बजावलं होतं, आणि आमच्या घरी धपाट्यांचं पीठ दळून तयार होतं. अशात सकाळीच अमेरिकेहून त्याच्या लेकीचा, गौरीचा फोन आला. ‘काका, बाबा गेले. झोपेतच.’ आणि मी काय म्हणालो असेन? ‘अगं, पण त्याचं गुरुवारचं तिकीट आहे ना...’ धक्का बसला की माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. दीड महिना होत आला, पण खरं सांगतो, अजून माझ्या डोक्यात ते शिरलेलं नाही. मी गाडी रद्द केली नाही. गौरीनं त्याला विमानानं आणलं त्या दिवशी त्याच गाडीनं हैदराबादला गेलो, आणि त्याच्या शववाहिकेच्या मागेमागे उदगीरला आलो.

बसवराज म्हणजे आमचा बसू. उदगीरच्या मोंढ्यातल्या आडत्याचा मुलगा, माझा शाळेपासूनचा मित्र. त्यांचं घर लिंगायत. बाळ पाळण्यात असतानाच त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधायचं आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, हा त्यांचा रिवाज. आमच्या घरात तो नाही, त्यामुळे मला लहानपणी त्याच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीचं फार कुतूहल वाटे. बसूच्या वडिलांना मोंढ्यात सगळे अप्पा म्हणत. अप्पांची एक तऱ्हा होती. सौदा चालू असताना ते पुष्कळ बोलत, हसत, चहा पाजत, पण हात गळ्यातल्या लिंगाशी गेला की बोललेला भाव कायम. मग बाजार पडो की चढो, त्यात बदल नाही. शेतकरीही म्हणायचे, ‘अप्पानं हात नेला का? मग झालं.’ ही सवय बसूनं जशीच्या तशी उचलली. परीक्षेत मला गणित दाखवायचं कबूल करतानाही याचा हात गळ्याशी! आणि हात नेला नसेल तर हा पठ्ठ्या ऐनवेळी टांग देणार हे मला ठाऊक असायचं.

पुढे तो इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला, तिथेच रमला. गौरीचा जन्म तिथला. पण बसूनं भारताचा पासपोर्ट सोडला नाही. त्याच्याबरोबरचे सगळे तिकडचे नागरिक होऊन मोकळे झाले, हा आपला तसाच. अलीकडे मात्र तिथली हवा बदलली. दरवेळी तिकडे परतताना विमानतळावर उलटसुलट प्रश्न विचारायला लागले, आणि त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, धास्तीच घेतली. नातवंडांपासून तुटायची वेळ आली तर काय, हा एकच घोर. गेल्या वर्षी तो उदगीरला आला तेव्हा आम्ही त्यांच्या शेतात बसलो होतो. तिथेच त्याच्या आज्याची आणि अप्पांची समाधी. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. मी त्याला म्हटलं की नागरिकत्व घेऊन टाक, शपथ म्हणजे काय, चार वाक्यं म्हणायची आणि बाहेर येऊन जेवायचं.

तो एकदम तडकला. ‘हात वर करून म्हणावं लागतं, ज्या देशाचा होतो त्याच्यावरची सगळी निष्ठा सोडली म्हणून. अप्पा हितं बसल्यात अन् मी सोडलं म्हणू?’

मी म्हणालो की बाबा रे, नव्या माणसाकडून देशानं काही वचन घेऊच नये का? तर म्हणाला, घ्यावं की, लई घ्यावं. कायदा पाळीन, कर भरीन, शेजाऱ्यावर वेळ आली तर धावून जाईन, देशावर आली तर पळणार नाही, हे सगळं तो लिंगावर हात ठेवून बोलायला तयार होता. पण पहिलं घर सोडलं असं कुणाकडून वदवून घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. आणि तो एकट्या अमेरिकेवर चिडला नव्हता. आपलाही देश दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, तिकडचा झालास की इकडचा पासपोर्ट दे म्हणतो, यावरही त्याचा तेवढाच राग. ‘गौरीला कुणी शपथ मागितली न्हाई. जन्मली, झाली नागरिक. मलाबी पाळण्यात लिंग बांधलं, विचारलं व्हतं का? मग नव्यालाच का तोलायल्यात?’ मग आम्ही उठून घरी आलो.

अखेर नातवंडांपायी त्यानं शपथ घेतली. नंतर व्हिडिओ कॉलवर बोललो तेव्हा फार हसला-बिसला नाही. बोलताबोलता हात गळ्याशी गेला आणि तसाच खाली आला. मी म्हटलं, ‘काय रे, कॉलर टोचतीय का?’ तो म्हणाला, ‘हाव, टोचतीय. येतो आता, मग बोलू.’

उदगीरच्या शेतात अप्पांच्या शेजारी खड्डा तयार होता. भस्म लावून, बेल ठेवून त्याला बसवलं. मठाच्या म्हाताऱ्या अय्यांनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, लिंग हातावर ठेवायला म्हणून त्याच्या गळ्याशी हात नेला, आणि थांबले. गळा मोकळा होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बसूच्या गळ्यात लिंग नाही? लिंगपूजेशिवाय पाणी न पिणाऱ्या माणसाच्या?

तेवढ्यात सुनंदावहिनींच्या शेजारी उभी असलेली गौरी पुढे झाली. तिनं पर्समधून चांदीची डबी काढली. तिच्या मोडक्या मराठीत तिनं सांगितलं ते असं, की शपथेच्या सभागृहात शिरताना बाबांनी गळ्यातलं काढून तिच्या हातात दिलं. हे अंगावर असताना तसलं वाक्य बोलता येणार नाही, म्हणाले. बाहेर आल्यावर ती परत द्यायला गेली तर घेतलं नाही. ‘आता उदगीरला, शेतात, अय्यांच्या हातून बांधून घेईन,’ म्हणाले. त्यासाठीच ते गुरुवारचं तिकीट होतं...

भावकीतल्या कुणीतरी कुजबुजत विचारलं की एकदा काढलेलं चालतं का. अय्यांनी लिंग धुतलं, पुसलं, लिंगाचा दोरा, शिवदारा, त्याच्या गळ्यात बांधला.

‘त्यानं सोडलं न्हाई,’ ते म्हणाले. ‘लेकीपाशी ठेवलं व्हतं.’

मग लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आणि आम्ही माती दिली. मी मोठ्यानं रडलो, वयाची लाज वाटली नाही.

रिकामी डबी गौरी बरोबर घेऊन गेली. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. भावकीतले शेत विकायचं म्हणतात, हे मी तिला सांगून टाकलं, आणि तुला तिकडून कुठे लक्ष देता येणार, असंही म्हणालो. ती म्हणाली, ‘नाही काका. विकायचं नाही. मी दर वर्षी येणार.’

बोलताना तिचा हात गळ्याशी गेला होता. गळ्यात काहीच नव्हतं.