वेबसाईटला लावलेला कौल

माझी चुलतवहिनी किशोरी देवबागातल्या सगळ्या माणसांना ओळखते, यात विशेष काही नाही. एवढ्याशा गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात. पण वहिनीला गावातली नसलेली घरंही ठाऊक आहेत. समुद्राच्या अंगाला जी घरं होती, त्यांतली काही लाटांनी नेली. त्या घरांचे फोटो जमवायचा तिला नाद लागला. लग्नातले, बारशातले, कुणी मुंबईहून आला म्हणून अंगणात उभं राहून काढलेले. माणसं पुढे, घर मागे. ती लोकांच्या अल्बममधून ते मोबाईलवर काढून घ्यायची आणि आपल्या वेबसाईटवर चढवायची. वेबसाईट खरं तर आमच्या होमस्टेसाठी होती. खोल्यांचं पान कोणी ढुंकून बघेना. घरांचं पान मात्र बोरिवलीपासून मस्कतपर्यंत लोक उघडून बसायचे.

त्यात सावित्रीकाकीचा पहिला नंबर. तिचं घर उधाणात गेलं, आणि घरातला अल्बमही घरासोबतच गेला. नशिबाने वहिनीने त्यातला एक फोटो आधी काढून घेतला होता. काकी आता भाच्याकडे राहते. मासळी विकून झाली की रिकामी पाटी घेऊन आमच्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, ‘माजा घर दाखय गो.’ वहिनी मोबाईल तिच्या हातात द्यायची. काकी बघायची, फोटोत नेमक्या खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या नवऱ्याला चार शिव्या द्यायची आणि समाधानाने घरी जायची. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आणि एक दिवस वेबसाईट ज्या छोट्या कंपनीकडे होती, तिने कळवलं की आम्ही धंदा गुंडाळतोय, पावसाआधी आपापलं सामान हलवा. हलवायचं कुठे? सल्ला द्यायला दोघं पुढे आली.

कुडाळची रिया, वहिनीची भाची, पुण्याला नोकरीला. ती वर्डप्रेसवाली, म्हणजे त्या नावाच्या साधनावर वेबसाईट बांधणाऱ्यांतली. त्यांचे मेळावे भरतात, तिथे ती जाते. एक प्रश्न टाकला की चहा निवायच्या आत दहा जण उत्तर देतात, असं ती सांगायची. दुसरा खारेपाटणचा सर्वेश. त्याचा कॉम्प्युटरचा क्लास आहे आणि तो जुमलावाला; जुमला हे वेबसाईट बांधायचं तसंच दुसरं साधन. त्यांचे लोक कमी, पण जे आहेत ते वर्षानुवर्षं चिकटून. तो स्वतः संध्याकाळी बसून त्यातल्या इंग्रजी सूचना फुकटात मराठीत आणतो. वहिनी कात्रीत सापडली. रियाकडे माणसं पुष्कळ, पण त्यातला आपला कोण? सर्वेशकडे एकटा सर्वेश, पण तो फोन उचलतो. आणि तोच उद्या आजारी पडला तर?

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण आमच्या गावात कुठलीही गोष्ट दोन पार्ट्या पडल्याशिवाय पुढे सरकत नाही. होमस्टेवाले रियाकडे गेले. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे रापणकर सर्वेशकडे, कारण तो त्यांच्यात बसून जेवला होता. ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही, ते बंदरावर जुमल्याची बाजू घेऊन भांडू लागले. रियाने आणलेले वर्डप्रेसचे स्टिकर पर्यटकांच्या होड्यांवर चिकटले. दोघा साडूंनी बोलणं टाकलं. मला विचाराल तर दोन्हीकडचे डोक्यावर पडले होते. ज्या फोटोंसाठी हे चाललं होतं, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हता.

शेवटी आमच्याकडे होतं तेच झालं. देवाला कौल लावायचा ठरलं. गुरवाने पाषाणाला फुलांच्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. त्या दोन नावांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याने देवाला सरळ विचारलं, रियाचं घ्यायचं की सर्वेशचं? रियाचं असेल तर उजवी कळी दे. सगळे श्वास रोखून उभे. उजवी पडली.

भांडण तिथेच मिटलं, हे मात्र खरं. साडू बोलायला लागले. रियाने पुण्याहून रजा काढून सगळं नव्या जागी हलवलं आणि घरांचं पान पहिल्यापेक्षा देखणं दिसू लागलं. जाताना ती वहिनीला म्हणाली की जुनं बंद व्हायच्या आधी सगळं एकदा तपासून घेऊया. वहिनीने मान डोलावली आणि विसरली. हरलेला सर्वेशही मनात काही न ठेवता बघायला आला. त्याने पान उघडलं, बोटाने वरखाली केलं आणि विचारलं, ‘वयनी, फोटो खंय आसत?’

‘हे काय, दिसतत मगे,’ वहिनी म्हणाली.

‘दिसतत. पण आसत खंय?’

आजूबाजूचे हसले. हरलेल्या पार्टीचा माणूस, आता खुसपटं काढणारच. एक जण तर म्हणाला की देवाने दिलेल्या कौलावर शंका घेतोस काय. कौल झाल्यावर पुन्हा विचारायचं नाही, ही आमची रीत. सर्वेश ओशाळला, सरबत पिऊन, बस धरून गेला. मला त्या हसण्याची आजही चीड येते.

जुनी कंपनी ज्या सकाळी बंद झाली, त्या सकाळी वहिनीने चहा ठेवला आणि सवयीने पान उघडलं. मी मागच्या दारी होतो. चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला म्हणून आत धावलो, तर ती मोबाईल धरून उभी. घरांची नावं होती. कोण कुठे राहायचं ते लिहिलेलं होतं. फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. एकामागून एक, तळापर्यंत रिकाम्या. वहिनी चारचारदा पान बंद करून उघडत होती आणि पुटपुटत होती, ‘काल होते रे. काल होते.’

रियाने फोनवर रडत रडत सांगितलं ते असं. नव्या जागेत मजकूर आला होता, फोटो आलेच नव्हते. आला होता फक्त त्यांचा जुना पत्ता. पान उघडलं की फोटो दर वेळी त्या जुन्या घरून मागवले जात, म्हणून दिसत. ते घर बंद झालं, खेळ आटोपला. मूळ फोटो वहिनीच्या आधीच्या मोबाईलमध्ये होते. तो खाडीत पडला तेव्हा तिने हळहळसुद्धा केली नव्हती. वेबसाईटवर आहेत की, म्हणाली होती.

सर्वेश मिळेल त्या एसटीने आला. रियाही आली. दोघं आमच्या पडवीत मांडीला मांडी लावून बसली आणि आपापल्या लोकांना विचारू लागली. दोन्हीकडून ढीगभर माणसं धावली, ज्यांनी देवबाग नकाशातही पाहिलं नव्हतं अशीसुद्धा. कुठे कुठे शोधून त्यांनी काही फोटो परत मिळवले. त्यांत सावित्रीकाकीचं घर नव्हतं.

वहिनी नुसती बसून होती. काकी यायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, मी सांगतो. ती नको म्हणाली.

काकी आली, पायरीवर बसली, हात पुढे केला. वहिनीने मोबाईल दिला. काकीने रिकाम्या चौकटीकडे बघितलं. मग पदराने काच पुसली आणि पुन्हा बघितलं. वहिनीने तिच्याजवळ बसून हळूहळू सगळं सांगितलं, आपली चूक होती तेही सांगितलं. काकीला त्यातलं किती कळलं, देव जाणे. तिने मोबाईल वहिनीच्या मांडीवर ठेवला आणि पाटी उचलली. ती चिडली नाही, रडलीही नाही. तिचा चेहरा मात्र घाबरलेल्या पोरीसारखा झाला होता.

‘त्या खेपेक घर गेला तेवा आवाज तरी झालो गो,’ ती म्हणाली.