उशीच्या अभ्र्यातला नाताळ

बेरिल पास्कोला ‘मला हवंय’ म्हणताना मी कधी ऐकलं नाही. तिच्या घरात एकच वाक्य चालायचं: ‘वाया जाईल.’ शेवटचा बटाटा खाण्याचा आग्रह करायचा असो, नवऱ्याला डॉक्टरकडे पिटाळायचं असो (“वेळ घेऊन ठेवलीय, वाया जाईल”) किंवा मुलीने आणखी एक दिवस राहावं असं वाटत असो (“चादर घातलीच आहे, एका रात्रीसाठी धुतली तर साबण वाया जाईल”), सगळी माया या एकाच वाक्यातून बाहेर पडायची. घरच्यांना ते कळत असावं. निदान मला तरी इतकी वर्षं तसं वाटत होतं.

आमचं टॅलिंगा म्हणजे अ‍ॅडलेडपासून लांब, गव्हाच्या मैलोगणती शेतांच्या मधोमध उभी असलेली धान्याची कोठारं आणि त्यांच्या सावलीला वसलेली माणसं. डिसेंबरात इथे ऐन उन्हाळा, कापणीची घाई असते, माश्या असतात आणि पत्र्यावर अंडं तळता येईल असं ऊन असतं. नाताळही त्याच वेळी येतो, त्याला कोण काय करणार. चर्चच्या मासिक पत्रकात बेरिल दर वर्षी ‘नाताळ घरच्या घरी’ म्हणून एक पान लिहायची. भेटवस्तूंचा कागद हळू सोडवावा, मंद इस्त्री फिरवावी, पुढच्या वर्षी वापरावा. आलेली शुभेच्छापत्रं नागमोडी कात्रीने कापून त्यांच्या भेटींवर लावायच्या चिठ्ठ्या कराव्यात. पुडिंगचे बेदाणे ब्रँडीत भिजवायची गरज नाही, गार चहात भिजतात; ब्रँडी वासापुरती पुरे, वास शेजाऱ्यांकडे जाईल इतपत. गावातल्या बायका हे पान वाचून हसायच्या आणि कापून फ्रिजवर चिकटवायच्या.

मी तिची शेजारीण. नवरा गेल्यापासून माझा नाताळ तिच्याच टेबलावर होतो. “हेझल, एकटीसाठी ओव्हन लावणार तू? गॅस वाया जाईल,” एवढंच तिने पहिल्या वर्षी कुंपणावरून सांगितलं. मला आमंत्रण समजलं.

त्या टेबलावर दर माणशी एक कागदी फटाका असायचा, दोघांनी दोन टोकांनी ओढून फोडायचा. दुकानातल्या फटाक्यात आवाजाची पट्टी असते. बेरिलचे घरी केलेले, टॉयलेट पेपरच्या नळीचे, इस्त्री केलेल्या कागदात गुंडाळलेले. त्यात पट्टी नसे. म्हणून ओढताना सगळ्यांनी तोंडाने ‘ठो!’ म्हणायचं. मुलं लहान असताना सुरू झालेली ही सोय पुढे रीतच झाली. पन्नाशीचा डॅरिल, बेरिलचा मुलगा, हजारो एकरांवर यंत्र चालवणारा गडी, डोक्यावर फटाक्यातून निघालेला कागदी मुकुट घालून गंभीर चेहऱ्याने ‘ठो’ म्हणायचा. त्याची बायको केरी पहिल्या वर्षी हसली होती. पुढच्या वर्षीपासून तीही म्हणू लागली.

पण पंचवीस तारीख ही पास्कोंच्या घरात दर्शनी खोली होती. खरा संसार सव्वीसला. त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नसे. सकाळी टीव्हीवर कसोटी सुरू व्हायची, बेरिलचा नवरा कीथ खुर्चीत रुतायचा, आणि मग कुणी शिडी परत द्यायला, कुणी विसरलेला चष्मा न्यायला, असे एकेक जण टपकायचे. आल्याबरोबर फ्रिज उघडायचा. खालच्या कप्प्यात जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, आदल्या दिवशीच्या जेवणातून उरलेला हॅम असायचा, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी. अभ्रा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुडवायचा, पिळायचा, त्यात हाडासकट हॅम ठेवायचा. दोन दिवसांनी अभ्रा पुन्हा धुवायचा, की हॅम जानेवारीभर टिकतो. शेवटी हाडाचं सूप. अभ्र्यावर फिकट निळी फुलं होती. ती बेरिलच्या लग्नातल्या जोडातली. दुसऱ्या अभ्र्यावर कीथ झोपून झोपून तो केव्हाच विरला होता.

तर फ्रिज उघडा, हॅमची चकती कापा, लोणचं लावा, पाव दुमडा आणि भिंतीला टेकून उभे राहा. उरलेलं पुडिंग लोण्यात परता. कुणी बसत नसे, म्हणून कुणी उठतही नसे. संध्याकाळ व्हायची. त्या घरात जे काही एकमेकांना सांगितलं गेलं, लेकीचा, जनेटचा, घटस्फोट काय आणि डॅरिलच्या छातीतली कळ काय, ते सगळं सव्वीस तारखेला, तोंडात पाव असताना. मधून मधून कुणी फ्रिज उघडा धरून उभा राहिला की बेरिल ओरडायची, “दार लाव रे, गार हवा काय फुकट येते?”

मागच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चहाच्या वेळी, केरीने विषय काढला. मी साखर मागायला गेले होते आणि नेहमीप्रमाणे बसले होते.

“बेरिल, या वर्षी तू काही करायचं नाहीस,” केरी म्हणाली. “क्लबात जेवण आहे. सगळ्यांचं नाव घालतेय.”

“कुठल्या क्लबात?”

“अगं आई, गावात क्लब किती आहेत?” डॅरिल म्हणाला. “बोल्स क्लब. एसी आहे. तू गेल्या वर्षी ओव्हनपुढे चक्कर येऊन पडली होतीस.”

“पडले नव्हते. बसले होते.”

“फरशीवर?”

“फरशी गार असते.”

केरी चांगल्या मनाची पोरगी आहे, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे तिचा राग येण्याची शक्यता आहे. तिने पर्समधून क्लबाचं पत्रक काढलं. “हे बघ. लवकर नावं दिली तर सूट. मुलांना अर्धं. पेन्शनवाल्यांना शेरीचा ग्लास फुकट. मी हिशेब केला. ओव्हनचा गॅस, टर्की, भाज्या सगळं धरून बघितलं. घरापेक्षा स्वस्त पडतं.”

बेरिलने पत्रक हातात घेतलं. तिने ते उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती, म्हणजे यादीला उपयोगी. मग ती म्हणाली, “बेदाणे भिजत घातलेत. वाया जातील.”

“पुडिंग कर की,” अ‍ॅडलेडहून फोनवर जोडलेली जनेट स्पीकरमधून म्हणाली. “क्लबात घेऊन जाऊ.”

“बाहेरचं चालत नाही तिथे,” केरी म्हणाली. “नियम आहे.”

“मग तुम्ही दोघं खा ना, आई. तू आणि डॅड,” जनेटचा आवाज आला.

“दोघांना पुडिंग?” बेरिल म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं तिच्याकडे परत येत होतं, इस्त्री करून. तिने कीथकडे पाहिलं.

कीथ म्हणाला, “मला कुठेही चालेल. सव्वीसला मॅच आहे ना?”

“सव्वीसला कोण हलवतंय तुम्हाला?” केरी हसून म्हणाली, आणि विषय संपला. स्वस्त पडतं म्हटल्यावर त्या घरात पुढे बोलायला जागाच नसते. आपलेच दात, आपलेच ओठ. बेरिलला फक्त एवढंच म्हणायचं होतं की, तुम्ही सगळे माझ्या घरी या, मला बरं वाटतं. पण हे वाक्य तिच्या तोंडाला कधी लागलेलंच नव्हतं. साठ वर्षांच्या संसारात ज्याचा सराव नाही ते ऐनवेळी कुठून येणार? ती म्हणाली, “चहा घ्या आणखी. किटलीत उरलाय.”

पुडिंग तिने केलं. कापडात बांधलं, उकडलं आणि धुण्याच्या खोलीत आकड्याला मुरायला टांगलं. तीन आठवडे ते तिथे लटकत होतं आणि ती धुणं घालताना त्याला वळसा घालून जायची. शेवटी दोघांना संपणार नाही म्हणून चर्चच्या सोडतीला दिलं. ते गहू वाहून नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला लागलं. त्याने तिकीट केवळ सुटे पैसे नव्हते म्हणून घेतलं होतं. पुडिंग शेजारच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा बांधून तो निघून गेला.

“निदान सांभाळून नेलं,” बेरिल म्हणाली.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघी खाटकाकडे रांगेत होतो. हॅमची मागणी तेव्हाच नोंदवावी लागते. खाटकाने मान वर न करताच विचारलं, “मिसेस पास्को, नेहमीचाच ना? हाडासकट?”

बेरिलने वळून पाहिलं. मागे रांग होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण तिच्या चेहऱ्यावर फारसं काही लपत नाही. लपवायला तिथे कधी काही ठेवलेलंच नसतं. पंचवीसला सगळे क्लबात जेवणार. म्हणजे काही उरणार नाही. घरात माणसं दोन, त्यातल्या एकाला मीठ वर्ज्य. तेवढ्यासाठी अख्खा हॅम आणणारी बाई कुणी दुसरी असती, तर बेरिलने तिच्यावर पत्रकात अर्धं पान लिहिलं असतं.

“घेऊन टाक,” मी हळूच म्हटलं. “मी खाईन.”

“तू चिमणीएवढं खातेस,” ती म्हणाली. मग खाटकाला म्हणाली, “या वर्षी नको. सॉसेज दे थोडे.”

मला तेव्हा सव्वीस तारीख आठवायला हवी होती. आठवली नाही. कुणालाच आठवली नाही. सव्वीसला काही ठरवलेलंच नसायचं, त्यामुळे ते रद्द होतंय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. उरलेल्या अन्नासाठी आधी काहीतरी उरावं लागतं, इतकी साधी गोष्ट.

क्लबातलं जेवण चांगलं होतं. तक्रारीला जागा नव्हती आणि तीच पंचाईत होती. एसी इतका जोरात होता की चाळीस अंशांच्या दिवशी बायका स्वेटर घालून बसल्या होत्या. टर्कीच्या चकत्या एकसारख्या, पत्त्यांसारख्या. टेबलावरचे फटाके दुकानातले होते. आमच्या टेबलाने ते ओढले, खरा आवाज झाला, आणि त्याच क्षणी आम्ही सगळे सवयीने तोंडानेही ‘ठो!’ ओरडलो. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. डॅरिलचे कान लाल झाले. जनेट हसली, मग हसता हसता काट्याशी खेळत बसली.

बेरिलने शेरी संपवली, फुकट होती म्हणून. वाढप्याने अर्धवट भरलेल्या बश्या उचलून एका मोठ्या डब्यात रिकाम्या केल्या तेव्हा ती एकदम उठली आणि बाथरूमला निघाली. जाताना तिने चार पाव रुमालात घेतले होते.

“बेरिल, ते नेता येत नाहीत,” केरी मऊ आवाजात म्हणाली. “नियम आहे.”

“अच्छा,” बेरिल म्हणाली आणि पाव एकेक करून टोपलीत परत ठेवले, वरची बाजू वर येईल असे.

तीनच्या सुमारास सगळे आपापल्या घरी. भांडी नाहीत, झोपा काढायला मोकळे. “फार सुटसुटीत झालं,” असं सगळे म्हणाले. खरंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला गेले तेव्हा अंगणातल्या दोरीवर तो निळ्या फुलांचा अभ्रा वाळत होता. एकटाच. “सवयीने धुतला,” बेरिल म्हणाली. “भिजवल्यावर लक्षात आलं.”

कसोटीचं पहिलं षटक सुरू होतंय तोवर डॅरिल शिडी घेऊन दारात उभा. ती त्याने इस्टरला नेली होती. पाठोपाठ केरी आणि मुलं. त्यांच्याकडे मुक्कामाला असलेली जनेट “माझा चष्मा इथे राहिला का?” म्हणत आली, चष्मा तिच्या डोक्यावर होता. डॅरिलने बापाच्या खांद्यावर थाप मारली, सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला आणि खाली वाकला.

“आई, हॅम कुठंय?”

“आणला नाही.”

“म्हणजे?”

“दोघांसाठी कशाला आणायचा? वाया गेला असता.”

डॅरिल वाकलेलाच राहिला. फ्रिजमध्ये दूध, अर्धं लिंबू, कीथचं औषध आणि कालच्या आदल्या दिवशीचे दोन सॉसेज होते. मुलं मागून डोकावली. जनेटने चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांना लावला, आत पाहिलं, आणि पुन्हा काढला.

“पेट्रोल पंप उघडा असेल,” केरी म्हणाली. “सॉसेज रोल आणू का?”

डॅरिल सरळ झाला. त्याचा हात अजून दारावरच होता. “आई, हे काही बरोबर नाही झालं,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी आपलं पहिल्यासारखं. घरी. ओव्हनपुढे मी उभा राहतो.”

बेरिलच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, दिवा लावण्याआधी काडी पेटते तेवढंच. ती टेबलाला धरून म्हणाली, “बेदाणे ऑगस्टात स्वस्त असतात.”

तेव्हा केरीचा चेहरा उतरला. “डॅरिल,” ती म्हणाली, “मी काल निघताना पुढच्या वर्षीचं नाव देऊन आले. त्याच दिवशी दिलं तर आणखी सूट होती. मला वाटलं, बेरिलला आवडेल.”

“मग सांग त्यांना नको म्हणून.”

“आगाऊ भरलंय. ते परत देत नाहीत.”

बाहेर टीव्हीवर कुणीतरी चौकार मारला. सगळ्यांनी बेरिलकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर डॅरिलने ते पैसे गटारात फेकले असते, केरीनेही फेकू दिले असते. केरीच्या डोळ्यांत पाणी तरंगत होतं. त्या घरात आजवर कुणी कुणाचा शब्द इतकी वाट पाहून ऐकला नसेल.

बेरिलने सुनेच्या दंडावर हात ठेवला.

“भरलंयस ना,” ती म्हणाली. “मग वाया कसं घालवायचं?”

केरीने मान हलवली. जनेट खिडकीपाशी जाऊन दोरीवरच्या अभ्र्याकडे बघत राहिली. मुलं गाडीत चार्जर आहे म्हणून गेली. हातात पाव नसला की भिंतीला टेकून उभं कसं राहायचं हे त्या माणसांना माहीत नव्हतं. मॅचमधली जेवणाची सुट्टी व्हायच्या आत एकेक जण निघाला. शिडी तेवढी राहिली.

पण हे नंतरचं. त्या क्षणी डॅरिल तसाच उभा होता, फ्रिजचं दार सताड उघडं धरून. आतला दिवा त्याच्या बुटांवर पडला होता, आणि मोटर घरघरायला लागली होती. आम्ही सगळे बेरिलच्या ‘दार लाव रे’ ओरडण्याची वाट बघत होतो.

बेरिलने खुर्ची ओढली आणि फ्रिजच्या दारातून येणाऱ्या गार हवेत बसून राहिली.