बॅटरीचं पाणी

हे लिहावं की नाही, या विचारात दोन महिने गेले. गावात मला लोक देवमाणूस म्हणतात. गळ्यात माळ आहे, पहाटे पोथी वाचतो, मळ्यात वांग्यांना पाणी सोडतानाही तोंडी नाम असतं. घडलं ते सांगितलं तर उरलीसुरली अब्रू जाईल, ही भीती होती. मग वाटलं, त्या दिवशी खोटं बोलताना कुठं आठवली होती अब्रू? आता झाकून काय उपयोग.

वैशाखातली गोष्ट. माझ्या बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि सोमवारी संध्याकाळी रिपोर्ट येईल म्हणून सांगितलं. मुलगा तिच्याजवळ अकोल्यातच होता. मी घरी थांबलो, कारण मी आमच्या महादेवाला शब्द दिला होता. रिपोर्ट हातात पडायच्या आत तुला गोदावरीच्या पाण्यानं न्हाऊ घालतो, तू हिला सांभाळ. नवस कसला, सरळ सरळ सौदाच होता तो. आठ दिवस झोप नव्हती. तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी बरं बोललो नव्हतो, आणि आता ती जाईल या विचारानं घास गिळवत नव्हता.

माझा भाचा नांदेडहून पाच लिटरची कॅन भरून वाशीमला घेऊन आला. सोमवारी दुपारी मी माझ्या इलेक्ट्रिक गाडीवर वाशीमला जाऊन ती घेतली. भाच्याच्या बायकोनं कॅनला हळदकुंकू लावून दिलं. मी ती पायांजवळ ठेवली, उपास असल्यामुळं चहासुद्धा घेतला नाही आणि निघालो. मालेगाव मागं पडलं. मेडशीच्या थोडं अलीकडं मागचं चाक बसलं.

ही गाडी घेतल्यावर पोरगा म्हणाला होता, बाबा, पेट्रोलची कटकट गेली. पंक्चरची जात नाही हे त्यानं सांगितलं नव्हतं. मागच्या चाकातच मोटर असते आणि तिची वायर आसातून बाहेर येते. त्यामुळं साधे पंक्चरवाले या चाकाला हातच लावत नाहीत. रस्त्यावरच्या पहिल्या दुकानदारानं बसल्या जागेवरून मान हलवली. ‘वायर तुटली तर तुमी माह्या नावानं बोंबलसान. पुढं एक बाई हाये, ते करते.’

गाडी ढकलत अर्धा तास गेलो. अंगाची लाही होत होती. फाट्यावर पत्र्याची टपरी दिसली. बाहेर जुने टायर, आत पन्नाशीची बाई, आणि वर निळा झेंडा. तो झेंडा पाहून माझ्या मनात काय आलं, ते मला चांगलं आठवतं. मी कॅन उचलून आपल्याजवळ घेतली.

बाईनं चाकाकडं पाहिलं. ‘चाक खोलाची गरज नाही. एका बाजूनं टायर काढतो, मोटरले हातच लावत नाही.’ नवरा वारल्यापासून दुकान तीच चालवत होती. बोलता बोलता तिनं पट्ट्या घालून टायर उकलला आणि ट्यूब बाहेर ओढली. मी सारखा घड्याळ पाहत होतो, म्हणून तिनं विचारलं, ‘कायची घाई हाये भाऊ?’ मी बायकोचं सांगितलं. कॅनचं नाही सांगितलं.

तिनं ट्यूबमध्ये हवा भरली आणि घमेलं पुढं ओढलं. घमेलं कोरडं होतं. ड्रमही कोरडा. नळ चार दिवसांपासून आला नव्हता. छिद्र बारीक असलं तर पाण्यात बुडबुडे पाहिल्याशिवाय सापडत नाही. तिची नजर माझ्या मांडीवरच्या कॅनवर गेली. ‘त्याच्यात पाणी हाये का? घोटभर टाका घमेल्यात.’

मी म्हणालो, ‘हे बॅटरीचं पाणी आहे. ॲसिड असते याच्यात.’

एवढं खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघालं. तांब्याभर दिलं असतं तर महादेवाचं काय कमी होणार होतं? पण खरं सांगायचं तर ते कारणच नव्हतं. तिचा हात त्या पाण्याला लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणाऱ्या संताची गोष्ट मी सप्त्यात दरसाल डोळे पुसत ऐकतो.

ती उठली. हंडा घेतला आणि शाळेमागच्या हातपंपाकडं निघाली. चार वाजले होते. त्या उन्हात ती डांबरी रस्त्यानं जाताना मी पाहत होतो, आणि मांडीवर पाच लिटर पाणी घेऊन सावलीत बसलो होतो. साडेचारला ती परत आली. पदर ओला, तोंड लालबुंद. घमेल्यात ओतण्याआधी तिनं तांब्या भरून मला दिला. ‘आधी तुमी प्या. चेहरा कसा सुकला तुमचा.’ जीभ टाळ्याला चिकटली होती. मी उपास, विटाळ सगळं विसरून गटागटा प्यालो. मग तिनं बाभळीचा काटा शोधला, ठिगळ लावलं, हवा भरली.

निघताना तिनं एक पोतं हंड्यातल्या उरलेल्या पाण्यात भिजवलं आणि कॅनला गुंडाळून सुतळीनं बांधलं. ‘देवाच्या पाण्याले ऊन नोको लागू,’ म्हणाली. हळदकुंकवाची बोटं मला दिसली तशी तिलाही दिसली असणार. शिवाय या गाडीच्या बॅटरीत पाणी टाकत नाहीत, हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? चोरासारखी गाडी सुरू केली.

मंदिरात पोचलो आणि कापूर काढायला डिक्की उघडली. फोन तिथंच होता. मुलाचे सात कॉल येऊन गेले होते, आणि खाली चार वाजून दहा मिनिटांचा निरोप होता. रिपोर्ट लवकर आला, गाठ साधी आहे, आई रडतेय, फोन उचला.

मी पायरीवर बसलो. चार वाजून दहा मिनिटांनी ती बाई हातपंपावर होती, आणि मी खोटं बोलून पाणी राखत बसलो होतो. पाणी पिंडीवर पडलं नव्हतं. नवस पुरा झाला नव्हता. माझ्या लायकीकडं न पाहता त्यानं देऊन टाकलं होतं. अभिषेक केला, पण वर पाहून काही बोलण्याची हिंमत झाली नाही. गावात बोभाटा झाला की माझ्या भक्तीला फळ आलं. लोक पाया पडायला आले तेव्हा मी घरात दडून बसलो.

बायको घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्या बाईले तोंड दाखवल्याबिगर माह्या हातचा चहा मागू नोका.’

पौर्णिमा होऊन गेल्यावर गेलो. ती एका सायकलीचं चाक काढत होती. मी वाटेत बरंच घोकलं होतं. पण एवढंच म्हणालो, ‘बाई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो.’

तिनं हातातला पाना खाली ठेवला. ‘ते जाऊ द्या. आधी हे सांगा, तुमच्या बाईचा रिपोर्ट काय आला? मी त्या दिवसापासून इचार करून राह्यली. पुनवेले विहारात तिच्या नावाची मेणबत्ती लावली मी. नाव मालूम नव्हतं, म्हनून मेडशीकडच्या भाऊची बायको, असंच म्हनलं.’

आता मी देवाला अटी घालत नाही. जे येईल ते दोन्ही हातांनी घेतो, आणि ते कोणाच्या हातून आलं हे विचारत नाही. पण त्या दिवशी टपरीसमोर यातलं काहीच सुचलं नाही. मान खाली घालून मी तिला माझ्या बायकोचं नाव सांगितलं, आणि ती बरी आहे म्हणालो.