पाय पोचते करणाऱ्या मावशी

माझ्या मावससासूबाईंइतका अविश्वास या पृथ्वीवर कुणीच कुठल्या यंत्रावर ठेवला नसेल. मुलुंडला कृत्रिम पाय दुरुस्त करणारा एक कारखाना आहे. दुरुस्त झालेले पाय कुरियरने गावोगावी परत पाठवायचं काम मावशींकडे होतं, आणि त्या पाठवणीचं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम, माझ्या दुर्दैवाने, माझ्याकडे. घरातला मिक्सरसुद्धा त्या एक हात बटणावर ठेवूनच चालवत. सॉफ्टवेअरचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "जावईबापू, तुमचं ते पुन्हा रुसलंय," एवढं सांगून फोन ठेवत, आणि काय रुसलंय ते शोधायला मी अंधेरीहून जायचं.

सगळ्यात मोठं भांडण पत्त्यांवरून. सॉफ्टवेअर साठ अक्षरांपुढे पत्ता घेत नसे, आणि मावशी लिहीत तो पत्ता तेवढ्यात जेमतेम गावाच्या देवळापर्यंत येई. देवळामागून उतरलं की चिंचेखालचं घर, कुत्रा बांधलेला असतो, हे सगळं त्यांना लेबलवर हवं असे. थोडक्यात लिहा म्हटलं की विचारत, "पाय खोक्यात असलेला माणूस रस्त्यावर येऊन घर दाखवणार आहे का?" मग उरलेला पत्ता त्या स्केचपेनने खोक्यावर लिहीत आणि प्रत्येक लेबल मोठ्याने वाचूनच चिकटवत.

एका शुक्रवारी मी लांब पत्ते घेणारी नवी आवृत्ती बसवली आणि म्हटलं, मावशी, आज एकदा तरी यावर विश्वास ठेवा. त्यांनी खरंच स्केचपेन खाली ठेवलं. अकरा खोकी न वाचता गेली. गाडी गेल्यावर एक उशिराचं खोकं आलं, त्याचं लेबल निघालं आणि मावशींचा चेहरा उतरला. त्यावर आधीच्या खोक्याचा पत्ता होता. प्रत्येक लेबल एकाने मागे सरकलं होतं. कणकवलीच्या एका मास्तरांची शाळा सोमवारी उघडणार होती, आणि त्यांचा पाय परभणीच्या शिंप्याकडे निघाला होता.

आम्ही रिक्षाने कुरियरचं भांडुपचं गोदाम गाठलं तेव्हा भिवंडीची गाडी भरत होती. तिथला माणूस म्हणाला, लेबल लागलेलं खोकं साहेबांना विचारल्याशिवाय फोडता येणार नाही. मावशी गाडीच्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "विचारा. मी इथेच आहे." साहेबांचा फोन लागेना. ड्रायव्हरने दोनदा इंजिन चालू केलं. मावशी हलल्या नाहीत. शेवटी तो माणूसच कंटाळला आणि त्याने खोकी खाली उतरवून दिली.

कुठला पाय कुणाचा, हे लिहिलेली यादी माझ्या लॅपटॉपमध्ये होती, आणि तो उघडायच्या आधीच मावशी कामाला लागल्या होत्या. एकेक पाय हातात घेऊन त्या सांगत गेल्या. हा मास्तरांचा, टाच बाहेरून झिजते. हा शिंप्याचा, मशीन चालवून पुढे चपटा झालाय. अकराच्या अकरा. पत्तेही तोंडपाठ. मी नुसता टेप कापून देत होतो.

परत येताना मी माफी मागितली.  मावशी म्हणाल्या, "चूक तुमच्या त्याची नाही हो. वाचायचं मी सोडलं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मास्तर सोमवारी शाळेत गेले. साठ अक्षरांची जुनी आवृत्ती मी परत बसवली. मावशी पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आता एक हुशार मुलगी आहे, साठ अक्षरांत बसेल असा पत्ता लिहिते. दोन वर्षांत तिने मला एकदाही मुलुंडला बोलावलेलं नाही. सगळं सुरळीत चाललंय, असंच म्हणायचं.