लागत नाय, एवढं लिहून द्या

बायजाकाकू उकडीशी बोलते. "मऊ हो गं बाय, रुसू नको," असं म्हणत तांदळाची उकड मळते आणि भाकरी अशी थापते, की पळसदरीच्या रिसॉर्टवर आलेली मुंबईची मंडळी ताट सोडून चुलीपाशी उभी राहतात. "मावशी, इकडे बघा ना! सो स्वीट!" काकू फोटोपुरती हसते आणि ते गेले की पुटपुटते, "गोड म्हनं. भाकरीला मीठ पन नसतंय."

काकूला सात वर्षं सोरायसिस आहे. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे खवले. एका शिबिरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हे जात नाही, पण दुसऱ्याला लागतही नाही. तोंडी सांगितलं, कागद दिला नाही.

गेल्या रविवारी एका पाहुणीने काकूचे हात पाहिले आणि भाकरी तशीच ठेवली. रिसॉर्टच्या हर्षला मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, मला माहितीये हो. पण गेस्टला काय सांगू? हे लागत नाही असं डॉक्टरांचं लिहून आणा ना. शनिवारपर्यंत. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

सरकारी दवाखान्यात त्वचेचे डॉक्टर फक्त गुरुवारी. गुरुवारी खिडकीतला माणूस नाकातून बोलला, "त्यांची बदली झाली."

"मंग नवीन कवा येतील?"

"आले की येतील."

पनवेलच्या खाजगी डॉक्टरांकडे नंबर मिळत होता तो पुढच्या मंगळवारचा. म्हणून शुक्रवारी काकू आणि मी, तिचा पुतण्या, त्याच सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात गेलो. तिथे कुणीतरी डॉक्टर असतोच.

आता चूक सांगतो. आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे पाहुण्यांकडे जायचं. आंघोळ, तेल, धुतलेलं लुगडं. काकूने गुरुवारी सकाळी हात भांड्याच्या घासणीने घासले होते, शुक्रवारीही घासले. काकांनी हटकलं तर त्यांच्यावरच उखडली, "दाक्तरच्या टेबलावर कोंडा सांडू व्हय? म्हनंल, बाई अंग धुत नाय!" एक खवला ठेवला नाही. रक्त आलं, त्यावर हळद दाबली.

तातडीच्या विभागात मोटारसायकलवरून पडलेली दोन पोरं विव्हळत होती. त्यांच्यातून डॉक्टर आला, माझ्या दादाच्या वयाचा, डोळे झोपेने सुजलेले.

"कधी लागलं?"

"लागत नाय ते. तेवढंच लिवून द्या."

"मावशी, जखम कधी झाली?"

"सात वरीस झाली."

"सात वर्षांची जखम?"

"जखम नव्हं ओ सायेब, खवलं हायत."

"कुठायत खवले?"

"धुतलं."

डॉक्टरने हळद पुसली. कातडी सोललेली, दोन ठिकाणी पिवळा पू. मी मध्ये बोललो, सोरायसिस आहे म्हणून. तो चिडला नाही. "असेलही. पण ते त्वचेच्या डॉक्टरांनी लिहायचं. मला दिसतंय तेच मी लिहिणार."

"मंग खवलं आल्यावर येऊ का?"

"मावशी, ही इमर्जन्सी आहे."

सिस्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. चिठ्ठी मिळाली. काकूने ती ब्लाऊजमध्ये जपून ठेवली आणि स्टेशनवर मला वाचायला लावली. दोन्ही हातांवर उघड्या जखमा, जंतुसंसर्ग. बरं होईपर्यंत अन्न हाताळू नये.

"लागत नाय असं हाय का त्यात कुटं?"

"नाही काकू."

"नीट बघ की रं. मागल्या बाजूला?"

मागची बाजू कोरी होती.

तरी शनिवारी ती चिठ्ठी घेऊन गेलीच. मोठा शिक्का पाहून मॅडम ऐकतील असं तिला वाटत होतं. मॅडमनी ती दोनदा वाचली. "काकू, आता तर डॉक्टरच नको म्हणतायत. मी काय करू, सांगा?"

चुलीपाशी कडावची सुरेखा आधीच बसली होती. काकू पट्ट्यांचे हात मांडीवर ठेवून तिच्या शेजारी टेकली. पहिली भाकरी फाटली.

"उकड सैल झाली गं तुजी. जरा कोरडं पीठ घे—" काकू पुढे वाकली.

"काकू," मॅडम मागून म्हणाल्या, तशाच गोड आवाजात, "जरा लांब बसता का?"

काकू उठून पाण्याच्या टाकीपाशी गेली. तिथून तवा दिसत नाही. परतीचा टेंपो चार वाजता होता, म्हणून चारपर्यंत तिथेच बसून राहिली.